लेम्पीबाईंची लांब रायफल

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. शंभरी कधीच ओलांडली. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणींना जे जमलं नाही, ते मला जमलं आहे: मी अजून पूर्ण लांबीची आहे. त्यासाठी काय काय सोसावं लागलं, ते आज सांगते.

माझा जन्म १९१६ सालचा, स्वीडनमधल्या एस्किल्स्तुना गावच्या कारखान्यातला. तिथे माझ्या एकूण एक भागावर माझा आकडा ठोकला गेला. मोठ्या भागांवर पूर्ण, लहानांवर शेवटचे तीन आकडे, ४१७. गोळी पुढे ढकलून नळी मागून बंद करणारा माझा पोलादी बोल्ट, त्याच्यावरही तोच आकडा. पुढची चाळीस वर्षं शिकाऊ सैनिकांच्या खांद्यावर गेली. त्या देशाने लढाई केलीच नाही, त्यामुळे मी फक्त कागदाच्या पाट्यांवर गोळ्या झाडल्या. मला याची लाज वाटत नाही. उलट बरंच वाटतं.

मग सैन्यात नव्या बंदुका आल्या. आम्हाला ग्रीस फासून, खोक्यात भरून समुद्रापार पाठवलं. १९६१ साली मी मिशिगनच्या उत्तर टोकाला, लोखंडाच्या खाणींच्या एका गावात, हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांच्या रिकाम्या पिंपात उभी होते. शेजारी झाडू होते, आणि त्यांची किंमत माझ्यापेक्षा फार कमी नव्हती. खाणीत काम करणाऱ्या रेइनो कांगासने आमच्यातल्या दोघी उचलल्या. एक स्वतःला आणि एक, म्हणजे मी, नव्या नवरीला. तिचं नाव लेम्पी.

तिकडे शनिवारी संध्याकाळी घरोघरी सौना तापते. सौना म्हणजे लाकडं पेटवून तापवलेलं, वाफेने भरलेलं न्हाणीघर. जुन्या लष्करी काडतुसांची राख खारट असते. ती नळीत राहिली तर दोन दिवसांत गंज धरतो, म्हणून रेइनो सौनाच्या हंड्यातलं कढत पाणी आमच्या नळ्यांतून ओतायचा. शिकारीच्या पहिल्याच हंगामात त्याने आम्हा दोघींचे बोल्ट काढून बाकावर शेजारी शेजारी वाळत ठेवले. वाफेत धड दिसत नव्हतं, पोटात भूक होती. उचलताना अदलाबदल झाली. मला तेव्हाच कळलं. पण रायफलीला कोण विचारतो?

त्या काळी लष्करी रायफल घेतली की हिवाळ्यात तळघरात बसून ती कापायची, अशी पद्धतच होती. जानेवारीत रेइनोने माझ्या जोडीदारणीची नळी वीतभर कापली, लाकूड तासलं, दुर्बीण बसवायला भोकं पाडली. बोल्टचा दांडा दुर्बिणीला अडतो, म्हणून तो तापवून वाकवला. तो बोल्ट माझा होता.

शिकारीच्या तळावर तिचं कौतुकच कौतुक झालं. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

"आता तुझी दे. दोन आठवड्यांत नवी करून देतो," रेइनो म्हणाला.

लेम्पी कणीक मळत होती. तिने मानही वर केली नाही. "माझ्या रायफलीला करवत लावलीस, तर तुझ्या बुटांची टोकं कापीन. मग बघ चालायला हलकं वाटतं का."

तळावरचे गडी तिला चिडवत. "वहिनी, कुंपणाचा खांब घेऊन कुठे निघालात?"

"तुमच्या पातेल्यात घालायला काहीतरी आणते," ती म्हणायची, आणि बहुतेक वर्षी आणायची.

अशी पन्नास-एक वर्षं गेली. रेइनो वारला. त्याची रायफल तळघरात गेली. लेम्पीबाईंच्या डोळ्यांवर पडदा आला, आणि मी भिंतीवरच्या खुंट्यांवर सहा वर्षं नुसती धूळ खात पडले.

मग त्यांची नात सिर्का आली. ती सरकारी गाडीवर रस्त्यांवरचा बर्फ उपसायचं काम करते. तिला यंदा हरणाच्या शिकारीला जायचं होतं. तिने खिशातून टेप काढून मला मापलं आणि नळीवर खडूची रेघ मारली.

"आजी, एवढी लांब रायफल झाडीत अडकते गं. वीतभर कापते आणि दुर्बीण बसवते."

"अगं, अशी न कापलेली रायफल मिळावी म्हणून माणसं देशभर हिंडतात. मी सिद्ध करून दाखवते."

लेम्पीबाईंनी मिलवॉकीच्या एका संग्राहकाला फोन लावला. ते प्रेस्कॉटसाहेब आठवड्याभरात हजर झाले. पांढरे सुती हातमोजे घालून त्यांनी मला असं उचललं, की मी तान्हं बाळ आहे असं मलाच वाटू लागलं. लाकडावरचे शिक्के पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"बाई, सगळे आकडे जुळले तर दीड हजार डॉलर आत्ता देतो. पण इथून पुढे हिच्यातून एकही गोळी झाडायची नाही. काचेच्या कपाटात ठेवायची."

"ऐकलंस?" लेम्पीबाई सिर्काला म्हणाल्या.

तेवढ्यात साहेबांनी भिंगातून बोल्ट पाहिला आणि भिंग खाली ठेवलं. "हा बोल्ट हिचा नाही. आकडा ८६२ आहे. आता निम्मीसुद्धा किंमत येणार नाही."

लेम्पीबाई कठड्याला धरत स्वतः तळघरात उतरल्या आणि रेइनोची रायफल घेऊन वर आल्या. साहेबांनी तिचा बोल्ट काढला. त्यावर ४१७ होतं, आणि दांडा वाकवलेला होता.

"हा तर खराब करून ठेवलाय," ते म्हणाले. "आता आकडा आहे तर आकार नाही, आणि आकार आहे तर आकडा नाही. माफ करा बाई, आता ही माझ्या कामाची नाही." त्यांनी हातमोजे काढले, कॉफी प्यायली आणि गेले.

सिर्का हळूच म्हणाली, "मग आता कापली तर काय बिघडतंय, आजी?"

मित्रांनो, मला तेव्हा खरोखर भीती वाटली. मला वाचवायला बोलावलेला माणूसच माझी ढाल काढून घेऊन गेला होता.

लेम्पीबाईंनी दोन्ही बोल्ट समोर ठेवले. सरळ दांड्याचा उचलून त्यांनी माझ्यात बसवला. "हा हिच्यात पन्नास वर्षांच्या वर चाललाय. हाच राहील. त्या माणसाचं कपाट राहू दे बाजूला. आता माझं ऐक. हिने, अशीच्या अशी, एक हरीण मार. मग खुशाल काप. मी हूं की चूं करणार नाही."

"आणि नाहीच मिळालं तर?"

"तर पुढच्या वर्षी."

बंदुका दुरुस्त करणाऱ्याने मापं घेऊन बोल्ट नीट बसतो म्हणून सांगितलं. ऑक्टोबरभर सिर्का मला खडीच्या खाणीवर नेत होती. पहिल्या दिवशी दहातली एकही गोळी पाटीला लागली नाही. लेम्पीबाई मोटारीत बसून आवाज मोजायच्या.

"श्वास अर्धा सोड. चाप ओढायचा नाही, दाबत जायचा. मी तुझ्याहून चार बोटं बुटकी होते, मला नाही जड झाली ती."

"तू माणूस नव्हतीस, आजी. तू तोफखाना होतीस."

महिन्याअखेरीस शंभर पावलांवरून तिच्या पाचही गोळ्या कॉफीच्या डब्याच्या झाकणाएवढ्या जागेत बसू लागल्या. मी लांब आहे म्हणूनच झटका सौम्य बसतो आणि नेम हलत नाही, हे तिच्या खांद्याला आपोआप उमगलं.

पंधरा नोव्हेंबरला हंगाम उघडला; तिकडे त्या दिवशी शाळांनाही सुट्टी असते. सिर्काची गोळी चुकली. नंतर चौदा दिवस ती कामावरून सुटली की बर्फात जाऊन बसायची आणि रिकाम्या हाताने परतायची. तळावरच्या कुणीतरी आपली दुर्बिणीची रायफल देऊ केली. तिने घेतली नाही.

तीस तारखेला, शेवटच्या दिवशी, देवदारांच्या मागून एक नर हरीण बाहेर आलं. सिर्काने श्वास अर्धा सोडला. एकच गोळी लागली, आणि ते जागच्या जागी बसलं.

सिर्का घरी आली. लेम्पीबाईंनी रस्सा चुलीवर चढवलाही नव्हता, तोच त्या म्हणाल्या, "मी शब्द दिलाय. करवत तळघरात आहे, डाव्या फळीवर."

सिर्काने मला मांडीवर आडवं घेतलं आणि चिंधीने टोकापासून दस्त्यापर्यंत पुसत राहिली.

"बघितली मी नीट," ती म्हणाली. "हिच्यात जास्तीचं काही सापडलं नाही, आजी. मग कापायचं तरी काय?"

म्हणून सांगते मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली, तर ती कापायची की कपाटात ठेवायची, हे पहिल्याच दिवशी ठरवू नका. आधी तिच्याबरोबर एक हंगाम काढा.