पट्टा कोरडा, ब्रेक कोरडा

म्हातारीची कुरकुर बंद झाली, तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती. पण पोरीला आठच्या शाळेत सोडायला सात बावन्नला निघणाऱ्या बाईला शंका घ्यायला सवड कुठली?

म्हातारी म्हणजे मोटरसायकल. बाबांनी घेतली तेव्हा ती तरणीताठी होती आणि बाबाही. आता दोघांचेही सांधे बोलायला लागले होते. म्हातारीचा ब्रेक दाबला की ती अशी किंचाळायची, की उताराच्या तळाशी शाळेचा वॉचमन मान वर न करताच फाटक उघडायचा. "लांबूनच कळतं ताई, तुम्ही आलात ते," तो म्हणायचा. ती हसून सोडून द्यायची. नवीन गाडी घे म्हणून दहा जणांनी सांगून झालं होतं, पण बाबांची गाडी विकायची कशी, हे त्यातल्या एकानेही सांगितलं नव्हतं.

त्या भागात सगळे तिला मशीनवाली म्हणत. शिवणाची मशीनं दुरुस्त करायची, शिंप्यांच्या दुकानांतली, कपड्यांच्या कारखान्यातली, घराघरांतली. धंदा मूळचा बाबांचा. चाळीस वर्षं त्यांनी तो केला, मग हात थरथरायला लागले आणि तो लेकीकडे आला. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने पाण्यात. घरात उरले तिघं: ती, बाबा आणि दुसरीतली लेक भिंगरी. भिंगरी शाळेतून साडेबाराला यायची आणि संध्याकाळी आई येईपर्यंत आजोबांजवळ असायची. आजोबा तिला दूध तापवून द्यायचे, पाढे घ्यायचे, आणि पाढे कंटाळवाणे झाले की मशीनचे सुटे भाग ओळखायला लावायचे. या एका गोष्टीवर घराचा गाडा चालला होता.

बाबांनी तिला धंदा शिकवला तो एका ओळीत. "आवाज आला की तेल घाल. पण पट्टा कोरडा, ब्रेक कोरडा." पायमशीनच्या चामडी पट्ट्याला तेल लागलं की तो चाकावरून घसरतो आणि मशीन जागच्या जागी पाय हलवत बसतं. दहा वर्षांची असताना तिने एकदा हौसेने पट्ट्याला तेल चोपडलं होतं. बाबांनी डोक्यात अशी टपली मारली होती की ती ओळ कायमची आत गेली. "पट्टा घसरला तर शिलाई थांबते," ते म्हणाले होते, "ब्रेक घसरला तर माणूस थांबत नाही."

तर त्या सकाळी ती किक मारून निघाली. घरापासून वळणापर्यंतची गल्ली सपाट. तिथे एक मांजर आडवं आलं म्हणून तिने ब्रेकवर पाय टेकवला. आवाज आला नाही. गाडीही म्हणावी तशी मंदावली नाही, पण मांजर केव्हाच पसार झालं होतं आणि घड्याळात सात चोपन्न झाले होते.

"आई, आज आवाज नाही येत ना?" मागून भिंगरी म्हणाली. स्वर असा, की जणू परीक्षेत पहिली आली आहे.

"नाही आला खरा. दप्तर नीट अडकव. दोन्ही खांद्यांवर."

"अडकवलंय."

अडकवलं नव्हतं. एकाच खांद्यावर होतं, रोजच्यासारखं. या दप्तराच्या पट्ट्यावरून घरात रोज सकाळी एकदा तरी महाभारत व्हायचं.

वळण गेलं आणि उतार लागला. हा उतार म्हणजे सरळ खाली गेलेला रस्ता, दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती, मधे कुठेही दम खायला जागा नाही. तळाशी तो हमरस्त्याला जाऊन मिळतो, आणि हमरस्त्यावर सकाळी आठला बसगाड्या, ट्रक, टँकर यांची रांग तुटत नाही. तिने नेहमीच्या जागी, निळ्या दरवाजाच्या घरापाशी, ब्रेक दाबला.

पाय खाली गेला. पार खाली गेला, आणि काहीच झालं नाही.

तिने पुन्हा दाबला. मग हाताचा ब्रेक आवळला, बोटं पांढरी होईपर्यंत. तोही लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. दोन्ही चाकं मोकळी. म्हातारीला जणू कुणीतरी मागून ढकललं होतं.

हेल्मेटच्या आत तिला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला आणि डोक्यात एकच वाक्य फिरत राहिलं: मागे पोर आहे, मागे पोर आहे. स्वतःचं काय होईल हे तिच्या मनातही आलं नाही. दोन बारीक हात तिच्या पोटाभोवती होते, त्यातल्या एका मनगटावर पेनाने काढलेलं घड्याळ होतं, आणि ते घड्याळ तिला अगदी स्पष्ट दिसत होतं.

"भिंगरे, मला घट्ट धर. आणखी घट्ट. सोडायचं नाही."

"आई, हळू चालव ना."

"हो. तू धर."

तिने क्लच दाबून गाडी दुसऱ्या गिअरवर आणली. इंजिन ओरडलं, गाडीला हिसका बसला, वेग जरासा मोडला. पहिला टाकायला गेली तर आतून नुसती खरखर, गिअर बसेचना. रस्ता आणखी तीव्र झाला. एक दूधवाला सायकल घेऊन भिंतीला चिकटला. खाली हमरस्त्यावरून एक बस गेली, लगेच दुसरी गेली, आणि त्यांच्यामधली फट केवढी होती ते तिने मोजलं. त्या फटीत मोटरसायकल मावणार नव्हती.

भिंतीवर घासावी का? घासली तर भिंगरीचा पाय. आडवी पाडावी का? पाडली तर भिंगरी खाली. प्रत्येक विचाराच्या शेवटी ते पोरगं येऊन उभं राहत होतं.

मग तिला लाँड्रीची गल्ली आठवली. उताराच्या दोन तृतीयांशावर, रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला, ही गल्ली फुटते आणि चढ चढत वर जाते. चढावर गाडी आपोआप थांबेल. फक्त त्यासाठी समोरून येणाऱ्यांच्या आडवं जायला हवं होतं. आणि समोरून पाण्याचा टँकर वर येत होता.

तिने हॉर्न दाबला. म्हातारीचा हॉर्न म्हणजे सर्दी झालेल्या माणसाची शिंक. टँकरवाल्याला तो ऐकू जाणं शक्यच नव्हतं. गल्लीचं तोंड आलं. थांबून विचार करायची चैन तिला नव्हतीच. तिने हँडल वळवलं आणि सगळं अंग आत झुकवलं.

टँकरचं तोंड एवढं मोठं असतं हे तिला तोवर माहीत नव्हतं. लाल रंग, त्यावर चिखलाचे शिंतोडे, एक फुटका दिवा, सगळं हाताच्या अंतरावर. टँकरचे ब्रेक किंचाळले. मागे काहीतरी जोरात ओढल्यासारखं झालं, गाडी डुलली, भिंगरीने "आई" अशी हाक मारली, आणि पोटावरचा एक हात सुटला.

एकच. दुसरा होता.

चढाने म्हातारीला धरलं. ती धापा टाकत वर गेली, हळू झाली आणि लाँड्रीसमोर बंद पडली. मशीनवालीने पाय टेकले. तिने मागे हात घालून चाचपलं. गुडघा, हात, खांदा, हेल्मेटचं गोल डोकं. सगळं जागेवर होतं. तरी तिने पुन्हा एकदा चाचपलं.

लाँड्रीवाला इस्त्री हातात तशीच धरून बाहेर आला. आधी त्याने गाडी धरली. मागून टँकरचा ड्रायव्हर आला. आता हा आपली खरडपट्टी काढणार म्हणून ती भिंगरीपुढे उभी राहिली. पण त्याच्या हातात दप्तर होतं.

"बंपरात अडकलं होतं, ताई," तो म्हणाला. "मला वाटलं पोरगी..." तो पायरीवर बसला आणि त्याने लाँड्रीवाल्याकडे पाणी मागितलं.

दप्तराचा एक पट्टा तुटला होता. आतला डबा बंपरात चेपून चपटा झाला होता. दोन्ही खांद्यांवर दप्तर असतं तर काय झालं असतं, हे मशीनवालीच्या डोक्यात आलं. जी सवय मोडायला ती वर्षभर कोकलत होती, तिनेच आज पोर परत दिलं होतं.

श्वास थाऱ्यावर आल्यावर ती मागच्या चाकाशी वाकली. ब्रेकच्या ड्रमच्या कडेने, आऱ्यांवरून, काहीतरी चकाकत खाली ओघळत होतं. तिने बोट लावून वास घेतला. हा वास तिने झोपेतही ओळखला असता. पुढच्या चाकालाही तेच.

"आजोबांनी तेल घातलं," भिंगरी रडवेल्या आवाजात म्हणाली. "काल दुपारी. तुला सरप्राइज द्यायचं होतं. मी बुधली धरली होती. लांब चोचीची. म्हणाले, किती कुरकुरते बिचारी."

मशीनवाली तशीच उकिडवी बसून राहिली. गेल्या महिन्यात बाबांनी चहात दोनदा साखर घातली होती. एकदा भिंगरीला मशीनवालीच्याच लहानपणीच्या नावाने हाक मारली होती. वय झालं, म्हणून तिने सोडून दिलं होतं. पण पट्टा कोरडा, ब्रेक कोरडा ही ओळ बाबा विसरतील असं तिला कुणी सांगितलं असतं, तर तिने त्यालाच वेड्यात काढलं असतं. उतारावर जी भीती वाटली होती ती निदान उतारासोबत संपली. ही दुसरी भीती घराकडे निघाली होती.

दोघींनी मिळून म्हातारीला ढकलत, दुसऱ्या वाटेने, घरी आणलं. अर्धा तास लागला. बाबा दारातल्या पायरीवर बसून बॉबिनवर दोरा गुंडाळत होते.

"सुटली का शाळा?" त्यांनी विचारलं. तेव्हा पावणेनऊही झाले नव्हते.

"गाडी बिघडली, बाबा. ब्रेक लागेना."

बाबा ताडकन उठले. त्यांचे डोळे एकदम जागे झाले, जुने, कारागिराचे. त्यांनी चपटा डबा बघितला, तुटलेला पट्टा बघितला, नातीच्या तोंडावरून हात फिरवला. मग गुडघा टेकून चाकाशी बसले, बोट लावलं, वास घेतला.

"हे मशीनचं तेल आहे," ते म्हणाले. "ड्रममध्ये कुणी ओतलं?"

भिंगरीने तोंड उघडलं. मशीनवालीने तिचा हात दाबला.

"मी, बाबा."

बाबांनी मान वर केली. त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर तेलाचा डाग होता, रुपयाएवढा, अजून ओलसर.

"तू? अगं, लहानपणापासून काय शिकवलं तुला? पट्टा कोरडा..."

"ब्रेक कोरडा. विसरले मी."

"विसरले? मागे लेकरू बसतं आणि तू विसरतेस?" त्यांचा आवाज चिरकला. राग खरा होता आणि रागाखालची भीतीही खरी होती. "एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नकोस. ब्रेक कोरडा ठेवायचं भान ज्याला राहत नाही ना, त्याच्या भरवशावर लेकरू सोडायचं नसतं. मग तो कितीही जवळचा असो."

तिला त्यांच्याकडे बघवेना. ती चाकाकडे बघत राहिली.

"नाही सोडणार, बाबा," ती म्हणाली.

"हं." त्यांचं समाधान झालं. त्यांनी नातीच्या खांद्यावर हात ठेवला. "पोर किती घाबरलीय बघ. चल भिंगरे, दूध तापवतो तुला."

दोघं आत गेली. आतून पातेल्याचा आवाज आला, मग गॅसचं बटण फिरल्याचा. लायटर टकटक वाजला, थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला.

तिने म्हातारीला तसंच भिंतीवर लोटलं आणि ती आत धावली.