सवानाला दोन फेऱ्या

आमच्या बेटाचा रस्ता बेटाला पूर्ण वळसा घालत नाही. पश्चिमेकडून निघालात तर रिचमंडपाशी संपतो, पूर्वेकडून निघालात तर फॅन्सी गावात. मध्ये ज्वालामुखी.

मूल मांडीवर घेतलं तर त्याचं भाडं पडत नाही.

मोठ्या शाळेच्या मनोऱ्यावरच्या घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटं.

"एच बघायचा," नणंदेने बजावलं होतं. "गाडीच्या नंबराच्या आधी एच, म्हणजे भाड्याची गाडी, असेल तरच हात करायचा. पी, म्हणजे खाजगी, असेल तर समोरचा कितीही हसू दे, तू वळून दुसरीकडे बघायचं."

शहाळं सोलणाऱ्याचा कोयता. कोयत्यावर माशी.

झोपलेल्या मुलाचं वजन.

माझ्या हातात एक गुलाबी चप्पल, उजव्या पायाची.

हे तुकडे मला असेच आठवतात, त्यांचा क्रम लागत नाही. तरी सलग सांगून बघते.

मी व्हर्लिन. सेंट व्हिन्सेंटमधल्या जॉर्जटाऊनच्या बेकरीत पाव भाजते. दोन वर्षं पैसे बाजूला टाकून पाच वर्षांच्या माझ्या मुलीला, ओरियलला, घेऊन त्रिनिदाद बघायला आले. नुसतं बघायला, काम नाही, लग्न नाही, मयत नाही. अशी सहल आयुष्यात पहिलीच. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये नणंदेकडे झोपायची सोय होती. विमानतळावरच्या सहलीच्या टॅक्सीवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मी हसले, त्यालाही हसू आलं, आणि मग आम्ही सगळीकडे शेअर टॅक्सीने फिरायला लागलो. ठरलेला रस्ता, साधी मोटार, भरली की सुटते. आत शिरताना सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणायचं, बस, तेवढाच नियम.

तिसऱ्या दिवशी प्राणिसंग्रहालय. ते सवानाच्या उत्तरेला आहे. सवाना म्हणजे शहराच्या मधलं प्रचंड मैदान. त्याच्याभोवती रस्ता, आणि रस्त्यावर सगळी वाहतूक एकाच दिशेने. कार्निव्हलला पंधरा दिवस उरलेले. मैदानात बाकांचे मांडव उभे राहत होते, कडेने लोखंडी कठडे लावलेले, आणि ट्रकवर चढवलेले भोंगे वाजवून बघत होते. छातीत धडधड होत होती ती भोंग्यांची.

सेंट अ‍ॅन्सला जाणारी गाडी मिळाली. एच पाहिला. त्याच्या पुढचे आकडे पाहिले नाहीत.

आमच्याकडे व्हॅनच्या कपाळावर नाव असतं. 'घाबरतंय कोण'. 'गोड सूड'. पिशवी विसरली तरी "'गोड सूड'मध्ये राहिली" म्हटलं की संध्याकाळपर्यंत घरी पोचते. नंबर वाचायची सवय आम्हाला कुणाला नाही.

मागच्या सीटवर रस्त्याच्या बाजूला एक म्हातारी, मध्ये चष्मेवाला तरुण, आणि फुटपाथच्या बाजूला मी. ओरियल माझ्या मांडीवर गाढ झोपलेली. पुढे ड्रायव्हरशेजारी कुणीतरी टोपी डोळ्यांवर ओढून बसलेला.

"पाय दे तिचे इकडे, दूदू," म्हातारी म्हणाली. दूदू म्हणजे लाडके. तिथे भाजीवालीही म्हणते. "केवढी घामेजलीय. कुठल्या तुम्ही?"

"सेंट व्हिन्सेंट."

"छोट्या बेटावरच्या! तरीच गाडीत श्वास धरून बसलीयस," ती हसली. "सोड, सोड. इथे हवेचे पैसे घेत नाहीत."

घड्याळाच्या शाळेसमोर चष्मेवाला म्हणाला, "उतरायचंय." तो मधला, म्हणजे मी उतरल्याशिवाय त्याला उतरता येईना. म्हातारीने हात पुढे केले. मी ओरियलला तिच्या मांडीवर ठेवलं, खाली उतरले. तरुण उतरला. ओरियलची चप्पल त्याच्या बॅगेत अडकून रस्त्यावर पडली. मी वाकले.

शिट्टी वाजली. मोटारसायकलवरचा पोलीस गाडीच्या बॉनेटवर थाप मारत होता. "इथे थांबायचं नाही! चल! चल! चल!"

मी सरळ झाले तेव्हा दार माझ्यापासून चार हात पुढे होतं. मग दहा हात. मग हिसक्याने आपोआप बंद झालं.

ड्रायव्हरचा हात खिडकीतून बाहेर आला आणि त्याने बोटाने हवेत एक गोल काढला.

मला वाटलं, तो मला चिडवतोय.

ओरडले का मी? चष्मेवाल्याने नंतर म्हातारीला सांगितलं, मी ओरडले नाही, मी "पाव जळतोय" म्हणाले. खरं असेल. बेकरीत मी दिवसातून दहादा तेच ओरडते.

"फॅमिली, इथेच थांब," तो म्हणाला. तिथे अनोळखी माणसालाही फॅमिली म्हणतात. "लेनॉक्स आहे तो, मी रोज येतो त्याच्याबरोबर. येतो तो फिरून."

मी त्याच्याकडे पाहिलं. चष्मा स्वच्छ, शर्टाला इस्त्री. मला एकदम वाटलं, हा त्यांच्यातलाच आहे. याने मला मुद्दाम उतरवलं. म्हातारी, ड्रायव्हर, टोपीवाला, हा, सगळे एक. पोलीससुद्धा. डोकं भराभर चालायला लागलं, आणि ते सगळं चुकीच्या दिशेने चालत होतं.

पाठोपाठ एक रिकामी शेअर टॅक्सी हळू झाली. मी चालत्या गाडीचं दार उघडलं.

"गुड मॉर्निंग तरी म्हणशील की नाही?" ड्रायव्हर म्हणाला. साठीचा, दाढी पांढरी, आरशाला हनुमानाचं चित्र लटकलेलं. त्याचं नाव सुखलाल.

"त्या गाडीच्या मागे! माझी मुलगी आहे त्यात!"

"कुठल्या गाडीच्या?"

"पांढरी."

"पोरी, समोर बघ."

समोर अकरा पांढऱ्या गाड्या होत्या.

पोलिसाला काय सांगशील, व्हर्लिन?
गाडी: पांढरी. की राखाडी?
नंबर: एच.
ड्रायव्हर: हात. मनगटावर घड्याळ होतं का?
म्हातारी: म्हातारी.
मुलगी: पाच वर्षं, पिवळा फ्रॉक, समोरचा एक दात पडलेला, अनोळखी माणसाशी बोलत नाही, कुणी हात धरला तर चालायला लागते.

सवानाच्या ईशान्य कोपऱ्यावर रस्ता फुटतो. एक वाट सेंट अ‍ॅन्सच्या दरीत वर चढते. उरलेली वाहतूक मैदानाला वळसा घालते. सुखलालने विचारलं, "वर गेली असेल की वळली असेल? मला विचारशील तर—"

"वर!"

"ऐक तर."

"वर रस्ता संपतो ना? पुढे डोंगर आहे ना?"

"आहे."

"मग चला! तिथे सापडेलच!"

कारण आमच्याकडे तसंच असतं. कुणी काही घेऊन पळालं तर माणसं धावत नाहीत, दुसऱ्या व्हॅनमध्ये बसून सावकाश मागे जातात. रस्ता संपतो. फॅन्सीच्या पुढे कुणी जाऊच शकत नाही. मी लहान असताना एकाने आमचा बोकड असाच नेला होता. आई शेवटच्या गावात जाऊन त्याच्या दारात बसली आणि बोकड घेऊन आली.

आम्ही दरीत वर गेलो. प्रत्येक अंगणात मी मान घालून बघत होते. पांढरी गाडी, आत कुणी नाही. पांढरी गाडी, आत कुत्रा. एका दारात पिवळं काहीतरी वाळत होतं आणि माझ्या घशातून आवाज निघाला. टॉवेल होता.

रस्ता संपला. वेळूचं बन, एक नळ, नळावर बादली.

"झालं समाधान?" सुखलाल म्हणाला. आवाज मऊ होता. "आता खाली जाऊ. पाणी पी."

मी पाणी प्यायले नाही. माझ्या डोक्यात ओरियल जागी होत होती. ती पुन्हा पुन्हा जागी होत होती. आधी नाक चोळते, मग हाताने माझ्या कानातली कुडी शोधते, डोळे न उघडताच. हात वर जातो. तिथे दुसऱ्याच बाईचा कान.

पहिली फेरी.

खाली आलो, सवानाच्या रस्त्याला लागलो. पूर्वेची बाजू. दक्षिणेची बाजू. पश्चिमेला वळलो तेव्हा मी खिडकीतून अर्धी बाहेर आले होते आणि पुढच्या प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेत डोकी मोजत होते. तीन डोकी. दोन. एक. भोंग्यातून कुणीतरी "एक दोन, एक दोन" म्हणत होतं. मोठ्या शाळेचं घड्याळ मागे गेलं. अकरा वीस.

"सुखलालकाका, जवळ घ्या ना त्या गाडीच्या!"

"अजून जवळ घेतलं तर तिच्या सीटवर बसशील."

दुसरी फेरी.

उत्तर. बोटॅनिकल गार्डनची झाडं. पूर्व. गाड्या थांबत चालत, थांबत चालत. प्रत्येक वेळी थांबलं की मला वाटायचं, या क्षणी ती गाडी चालू आहे. आपण थांबलोय आणि ती चालू आहे. दक्षिण. पश्चिम. एका पांढऱ्या गाडीत लहान मुलीची वेणी दिसली. सुखलालने भोंगा वाजवून तिला गाठलं. मुलीने वळून माझ्याकडे पाहिलं. दहा वर्षांची, चिनी चेहऱ्याची. तिने जीभ काढून दाखवली. ही सगळी धावपळ चालू असताना मोठ्या शाळेचं घड्याळ दुसऱ्यांदा मागे गेलं. मी वर पाहिलंही नाही.

मग मी डोकं खिडकीतून आत घेतलं. ते सुखलालच्या लक्षात आलं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "ड्रायव्हरने जाताना काही खूण केली?"

मी बोट हवेत फिरवून दाखवलं.

सुखलालने गाडी इतकी हळू केली की मागचे सगळे भोंगे वाजवायला लागले.

"आई गं. आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"म्हणजे काय त्याचं?"

"म्हणजे वळसा घालून येतो, थांब. दुसरं काय असणार? इथे मागे येताच येत नाही कुणाला. पोलीस थांबू देत नाही, सगळे एकाच दिशेने. प्रवासी चुकला, पिशवी राहिली, की ड्रायव्हर मैदानाला फेरी मारतो आणि चुकलेला माणूस जागचा हलत नाही. लहान पोराला विचार, तोही सांगेल. तो तुला घ्यायला फिरत होता, पोरी. आणि तू त्याच्यामागे फिरतेयस. या रस्त्यावर एकमेकांच्या मागे फिरलं तर कार्निव्हल येऊन जाईल."

मला ते कळलं. त्याने भीती कमी झाली नाही. उलट पहिल्यांदा तिला आकार आला. तो ड्रायव्हर आला असणार. पंधरा-वीस मिनिटांत आला असणार, दहा पंचावन्नला, अकराला. मी नव्हते. मग त्याने काय केलं असेल? आई नसलेलं मूल घेऊन माणूस काय करतो?

"उतरवा मला."

"इथे पोलीस आहे. पुढच्या कोपऱ्यावर."

"उतरवा!"

त्याने कोपऱ्यावर गाडी फुटपाथला लावली. मी पाकीट काढलं, त्याने माझा हात बाजूला केला. "आधी तिला बघ. मी इथेच आहे, शिट्टी ऐकू येईपर्यंत."

कोपऱ्यापासून घड्याळापर्यंत मागे चालत जायचं होतं. दोनशे पावलं असतील. सगळी वाहतूक माझ्या अंगावर येत होती आणि पहिल्यांदा मी गाड्यांकडे पाहिलं नाही, कारण त्या बघण्यात आता अर्थ नव्हता. मी ठरवलं होतं की घड्याळाखाली जाऊन उभी राहीन आणि हलणार नाही. संध्याकाळपर्यंत, उद्यापर्यंत. माझ्याकडून तेवढं एकच होण्यासारखं राहिलं होतं, आणि तेच मला सगळ्यात जड वाटत होतं.

शहाळेवाल्याची गाडी पलीकडे, मैदानाच्या बाजूला होती. गाडीच्या सावलीत उलट्या क्रेटवर म्हातारी बसली होती. तिच्या एका मुठीत पिवळा फ्रॉक होता, मागून घट्ट धरलेला, जसं दावं धरतात. फ्रॉकमध्ये ओरियल होती.

मी रस्ता कसा ओलांडला ते मला माहीत नाही. ब्रेक लागल्याचा आवाज आठवतो, आणि शहाळेवाल्याची शिवी.

"आलीस बाई एकदाची," म्हातारी म्हणाली. तिचं नाव राजदेई. ते तिने मग सांगितलं. "लेनॉक्सने लगेच वळसा घातला. तू नाहीस. तो चष्मेवाला म्हणाला, गेली दुसऱ्या गाडीत, कुठे ते देव जाणे. म्हटलं, दोघंही फिरत राहिलात तर कसं व्हायचं, कुणीतरी बसायला हवं. मी पोरीला घेऊन उतरले. माझी डोळ्यांची तपासणी होती आज. असू दे. डोळे उद्याही असतील."

"तांती," मी म्हणाले. तिथे मोठ्या बायकांना तसंच म्हणतात. "तांती."

"मला नको सांगू. तिला बघ."

ओरियलच्या हातात पोलोरीचा कागद होता, भजी तशीच, एकही खाल्लेली नव्हती. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. मी हात पसरले. ती आली नाही.

"आई, तू दोनदा गेलीस," ती म्हणाली.

"काय गं?"

"इथून. गाडीतून. तू बाहेर वाकली होतीस. मी हाक मारली." ती रडत नव्हती. नीट, एकेक शब्द ठेवून सांगत होती, बेकरीत उशिरा आलेल्या पोरांना मी सांगते तसं. "मग तू परत आलीस. मी खूप मोठ्याने हाक मारली. तू दुसऱ्या मुलीकडे बघत होतीस."

भोंगा म्हणाला, एक दोन, एक दोन.

"दुसऱ्या वेळी पळाली ती," राजदेई हळू आवाजात म्हणाली. "गाडीमागे, भर रस्त्यात. मिळाला तो फ्रॉक धरला मी. हे बघ."

तिने मूठ उघडली. कमरेपासून खांद्यापर्यंत फ्रॉकची शिवण उसवली होती, आणि आत ओरियलची पाठ दिसत होती, घामाने ओली, श्वासाबरोबर वरखाली होणारी.

मी खाली बसले आणि शिवणीच्या दोन कडा बोटांनी एकत्र धरल्या. कडा जुळेनात. ओरियल माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, जाणाऱ्या गाड्या बघत. प्रत्येक गाडी. कुणी बाहेर वाकलंय का, ते बघत.

त्या सकाळी नणंदेच्या घरी दात घासताना ती म्हणाली होती की तिला प्राणिसंग्रहालयातला सिंह बघायचा नाही, आणि मी तिला तरीही घेऊन निघाले होते.