गिरजाबाईची जागा

मित्रांनो, भोपळ्याच्या वेलाखाली ते काळंपिवळं दिसतंय ना, ते कोंबड्यांचं खुराडं नाही. ती मी आहे. मी एक जुनी जीप आहे, सवाऱ्या वाहणारी काळीपिवळी. कोंबड्या माझ्या पुढच्या सीटवर अंडी घालतात हे खरं, पण म्हणून कुणी मला खुराडं म्हटलं की माझं डोकं फिरतं. एके काळी ब्रह्मपुरी ते नागभीड या रस्त्यावर लोक मला पकडायला जेवणाचं ताट सोडून धावत यायचे.

कुठल्याशा लांबच्या कारखान्यात माझा सांगाडा तयार झाला. ते दिवस मला आठवत नाहीत. आठवतं ते माझ्या मालकाचं, मुखरूभाऊंचं, ब्रह्मपुरीजवळच्या गावातलं अंगण. त्यांनी मला घरी आणलं त्या दिवशी त्यांच्या बायकोने, गिरजाबाईंनी, माझ्या बॉनेटवर कुंकू लावलं, नारळ फोडला आणि विचारलं, "हे गाडी कुठवर जाते?"

"नागभीडवर," मुखरूभाऊ म्हणाले.

"अन् नदीच्या काठाकाठानं खाली?"

"तिकडं कोन सवारी भेटते?"

गिरजाबाई नारळाचे तुकडे वाटू लागल्या. त्यांचं माहेर वैनगंगेच्या काठचं, मासे धरणाऱ्यांचं. लहानपणी त्या बापासोबत डोंग्यात बसायच्या. डोंगा नदीच्या वळणापर्यंत जायचा आणि परत फिरायचा. वळणापुढं काय आहे, असं त्या विचारायच्या. बाप सांगायचा, की ही नदी लांब खाली जाऊन वर्धेला भेटते, आणि तिथून पुढं तिला कुणी वैनगंगा म्हणत नाही, प्राणहिता म्हणतात. ती जागा त्यानेही पाहिलेली नव्हती. गिरजाबाईंना ती पाहायची होती. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी मागितलेलं एवढंच.

माझं काम जोरात सुरू झालं. धानाची पोती, कोंबडे, वऱ्हाडी, दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्या, सगळे माझ्यातून गेले. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायची. लेकी-जावई, पाहुणेरावळे यायचे, आणि रात्रीच्या नाटकाचे पडदेही माझ्याच टपावरून जायचे. "मुखरूची गाडी दगा देत नाई," असं लोक म्हणायचे. ते ऐकून मी चढावर उगाच जोर लावायची.

पण आमच्या गाडीचा एक नियम होता. सवारी पह्यले. घरचं माणूस आत बसलेलं असलं आणि वाटेत कुणी हात दाखवला, की घरच्याने उतरायचं. काळीपिवळीच्या धंद्यात हे सगळ्याच घरी चालतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

महाशिवरात्रीला मी मार्कंड्याच्या जत्रेच्या फेऱ्या करायची. तिथून आणखी खाली गेलं की नद्यांचा संगम. दर वर्षी गिरजाबाई नवं लुगडं नेसून, भाकरीची पिशवी घेऊन मागच्या बाकावर बसायच्या. गाडी ब्रह्मपुरीच्या चौकात यायची. जत्रेला निघालेली माणसं गराडा घालायची. मुखरूभाऊ आरशातून मागे नुसतं बघायचे. गिरजाबाई उठायच्या, पिशवी नवऱ्याच्या हाती द्यायच्या आणि म्हणायच्या, "तुमी जा. मी येईन पुढच्या वर्सी." मग त्या पायी घरी जायच्या.

त्यांना राग यायचा नाही. मला यायचा. पण जीपच्या रागाला कोण विचारतं? फार तर माझं इंजिन तापायचं, आणि मुखरूभाऊ त्यावर तांब्याभर पाणी ओतायचे.

हळूहळू घरोघरी मोटरसायकली आल्या. माझ्याकडे कुणी बघेना. मी या वेलाखाली येऊन उभी राहिले ती राहिलेच. माझ्या कागदांची मुदत चैत्रात संपणार, हे कळल्यावर एक भंगारवाला येऊन मला ठोकून बघून गेला. आपल्याला असं ठोकून बघितलेलं कुणालाच आवडत नाही, मित्रांनो.

यंदा मुखरूभाऊंच्या मुलाने, अश्विनने, नवी पांढरी गाडी घेतली. पहिल्या सहलीला कुठं जायचं यावर अंगणात बैठक बसली. अश्विन फोनवर एकेक चित्र दाखवत होता. बर्फ, डोंगर, समुद्र, राजवाडे.

"तं मंग ताडोबा?" तो म्हणाला.

त्याची बायको उर्वशी हसली. "वाघ पाहाले पैसे कायले द्यायचे? परवाच आपल्या धानाच्या बांधीत त्याचे पाय उमटले होते." मग ती सासूकडे वळली. "आई, तुमाले कुठी जायचं हाये?"

या घरात हा प्रश्न गिरजाबाईंना पहिल्यांदाच कुणी विचारला होता. त्या तांदूळ निवडता निवडता थांबल्या. सूप मांडीवर ठेवून म्हणाल्या, "वैनगंगा जिथी वर्धेले भेटते, तिथी."

अश्विनला हसू आलं. "नदी तं आपली रोजचीच हाये, आई. तिथी पाहण्यासारखं काय हाये?"

शेवटी समुद्र ठरला. उर्वशीचे आईवडीलही यायचे म्हणाले आणि गाडीत जागा कमी पडली. कुणी काही बोलायच्या आत गिरजाबाई म्हणाल्या, "पाहुणे पह्यले. मी हाय ना घरी, म्हशी पाहाले."

मुखरूभाऊ खाटेवर बसले होते. त्यांनी बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"मी बी नाई येत," ते म्हणाले.

मुलं समुद्राकडे निघाली. दुसऱ्या दिवशी मुखरूभाऊंनी माझ्यावरचा वेल बाजूला केला, कोंबड्या हाकलल्या आणि मिस्त्रीला बोलावून नवी बॅटरी बसवली. म्हशींचं शेजाऱ्यांना सांगितलं. मग ते घराकडे तोंड करून म्हणाले, "गिरजे, भाकरी बांध. संगमावर जायचं हाये."

गिरजाबाई दारात आल्या. "आता काऊन?"

"येवढे वर्स मी तुले उतरवत राह्यलो. तू एकदा बी बोलली काऊन नाई?"

"बोलली असती तं सवारी सोडली असती का तुमी?"

मुखरूभाऊंनी धोतराच्या सोग्याने माझी मागची सीट पुसली. गिरजाबाई सवयीने मागेच बसल्या.

आरमोरी गेलं, गडचिरोली गेलं. माझे सांधे कुरकुरत होते, पण मी तक्रार केली नाही. चामोर्शीच्या पुढं फाट्यावर डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई उभी होती. तिने हात दाखवला. मुखरूभाऊंचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागे खुडबुड झाली. गिरजाबाईंनी पिशवी उचलली होती आणि त्या उतरायला अर्ध्या उठल्या होत्या. गाव इतकं लांब राहिलं होतं, तरीही.

मुखरूभाऊंनी ते आरशातून बघितलं. त्यांचे डोळे भरून आले.

"बस तू," ते म्हणाले. मग खिडकीतून डोकं काढून त्या बाईला सांगितलं, "मागून बस येऊन राह्यली, बाई. आपली गाडी फुल्ल हाये."

बाईने माझ्या रिकाम्या बाकांकडे बघितलं. गिरजाबाई हळूच खाली बसल्या आणि त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली.

दुपारी आम्ही चपराळ्याला, संगमावर, पोचलो. मला काठावर उभं करून ती दोघं वाळूतून खाली गेली. दोन नद्या शांतपणे एकमेकींत मिसळत होत्या. बर्फ नाही, राजवाडा नाही. गिरजाबाई पाण्यात पाय सोडून ऊन उतरेपर्यंत बसल्या. परत येताना त्यांनी ओंजळीत पाणी आणलं आणि माझ्या बॉनेटवर शिंपडलं, पहिल्या दिवशी कुंकू लावलं होतं तिथेच.

मित्रांनो, चैत्रात भंगारवाला मला घेऊन जाईल. जाईन मी, माझं काही मागणं राहिलं नाही. तुमच्या घरी मात्र पुढच्या सुट्टीत कुठं जायचं यावर अशीच बैठक बसेल. जिथं मन होईल तिथं जा. पण ठरवण्याआधी जरा बघा, दर वेळी पिशवी घेऊन मुकाट्याने कोण उतरतं. त्या माणसाला विचारा, आणि उत्तर ऐकून हसू नका. मग त्याची जागा धरून ठेवा. वाटेत हात दाखवणारे पुष्कळ भेटतील. त्यांना सांगा, गाडी फुल्ल आहे.