कानावर पडेल ते सगळं

गेल्या निवडणुकीतही परदेशी निरीक्षक आले होते. त्यांचा दुभाषी होता अण्णांचा पुतण्या, आणि अण्णा म्हणजे इथली सत्ता. माझा भाऊ इथल्या शाळेतल्या मतदान केंद्रावर ड्यूटीला होता. आधीच भरून आणलेली मतपेटी त्याने मागच्या दाराने आत येऊ दिली नाही, म्हणून अण्णांच्या माणसांनी त्याला तिथेच तुडवला. पुतण्याने पाहुण्यांना सांगितलं, पोरांची मस्करी चाललीय. अहवालात आलं, मतदान शांततेत पार पडलं.

"बरोबरच लिहिलंय," भाऊ म्हणाला. "माझ्या डाव्या कानात तेव्हापासून शांतताच आहे."

मी त्या पाहुण्यांची भाषा शिकायला घेतली. लोक म्हणायचे, पोरगी परदेशात जाणार. मला कुठेही जायचं नव्हतं. न्यायबियही नको होता. सूड हवा होता.

यंदा निरीक्षकांनी दुभाषी स्वतः परीक्षा घेऊन निवडले. माझ्या वाट्याला पांढऱ्या केसांच्या, हळू आवाजाच्या एक बाई आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, कानावर पडेल ते सगळं सांगायचं. मी म्हटलं, आनंदाने.

मतदानादिवशी अण्णा हात जोडून त्याच शाळेच्या दारात उभे. दुभाषी म्हणजे आपल्याच घरचा, हा त्यांचा जुना समज.

"पोरी, सांग बाईंना, सगळं शांततेत चाललंय." मग शेजारच्या माणसाला म्हणाले, "यांना वर चहाला ने. तेवढ्यात मागच्या दाराने पेटी आत घ्या."

मी दोन्ही वाक्यं सांगितली. चहासकट.

बाई म्हणाल्या, "आम्ही फक्त बघू शकतो. हात लावता येत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्यासाठी शिकले मी? मग बाईंनी हळूच पुढे म्हटलं, "पण विचारा त्यांना, कोणती पेटी?"

दुभाष्याने किती मोठ्याने बोलावं, याचा काही नियम नाही. मी रांगेकडे तोंड केलं आणि पार फाटकापर्यंत ऐकू जाईल असं विचारलं, "अण्णा, बाई विचारतायत, मागच्या दाराने कोणती पेटी आत घेताय?"

मग एक आजी रांग सोडून मागच्या दाराकडे निघाली आणि पायरीवर फतकल मारून बसली. तिच्यामागून आणखी बरेच गेले. बाईंनी आपली खुर्ची उचलली. बघायचं तर तिथूनही बघता येतं, म्हणाल्या.

पेटी मागे उभ्या असलेल्या टेम्पोतून उतरलीच नाही. अण्णांचा चेहरा बघून मला जे सुख झालं, ते लपवायचा मी प्रयत्नही केला नाही.

संध्याकाळी ते माझ्याजवळ आले आणि हसत हसत हळू आवाजात म्हणाले, "भावाचा अजून एक कान शाबूत आहे, लक्षात ठेव."

मी बाईंकडे वळले आणि शब्दन् शब्द सांगितला. बाई लिहू लागल्या.

अण्णांनी माझा दंड धरला. "हे नको सांगूस त्यांना."

मी तेही सांगितलं.