जंगल, समुद्र आणि सरदारबी

मी बूट बोलतोय. खरं तर आम्ही दोघं आहोत, उजवा आणि डावा. पण डावा फारसा बोलत नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. सोल चिकटवायच्या गोंदाचा वास तेवढा आठवतो. मग एका खोक्यातून जालन्याच्या दुकानात आलो आणि काचेच्या फळीवर बसलो. माणसं बूट कसे घेतात ते मी तिथं शिकलो. आधी उचलतात, दोन्ही हातांनी वाकवतात, आत डोकावतात, "याच्यात काळा न्हाई का?" असं विचारतात आणि ठेवून निघून जातात. मी जांभळा. त्यामुळे मला बराच काळ नुसतं वाकवलंच गेलं.

एके दिवशी कशफ आली. ती जालन्यातल्या एका शाळेत शिकवते. तिनं मला वाकवलं नाही. वरचा पट्टा उघडला, चिकटवला, पुन्हा उघडला आणि दुकानदाराला म्हणाली, "खाली न वाकता घालता येईल असाच पाहिजे. अम्मीचे गुडघे गेलेत."

असा मी शहागडला आलो, तिच्या आईवडिलांच्या घरी.

घर हायवेला लागूनच. वडील लालमियाँ. जन्मभर ट्रक चालवला, आता घरी बसलेत. अजूनही बाहेर हॉर्न वाजला की उठून बघतात आणि गाडी दिसायच्या आधीच तिचा ब्रेक खराब आहे असं सांगतात. आई सरदारबी. तिचा प्रवास म्हणजे माहेर तीर्थपुरी आणि दवाखाना जालना. नवरा हिंदुस्थानभर फिरत असताना दोन लेकरं तिनं एकटीनं वाढवली. घरात बोली उर्दू, शेजार मराठी. त्यामुळे दोन्ही भाषा एकाच पातेल्यात शिजतात.

मला बघून सरदारबीनं तोंडाला ओढणी लावली. "या अल्ला! या वयात बूट? लोक म्हनतील, म्हातारी पळायला चालली."

"पळायला न्हाई, फिरायला," कशफ म्हणाली.

झालं होतं असं. डॉक्टरांनी सरदारबीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरवलं होतं. एक झालं की दुसरं. ते म्हणाले, चालता येतंय तोवर कुठं फिरायचं असेल तर फिरून घ्या. हे ऐकून पुण्याला नोकरी करणाऱ्या मुजाहिदनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, आठवड्याची रजा काढली. फोनवर म्हणाला, "अम्मी, जंगल सफारी आन समुद्र, दोन्ही जमवू. कुठं जायचं, कुठं राहायचं, ते तुम्ही ठरवा."

"सफारी म्हंजे अब्बाचा तो सूट?" सरदारबीनं विचारलं.

लालमियाँनी निकाहात घातलेला सफारी सूट अजून पेटीत होता. तेवढीच सफारी तिला ठाऊक.

मग लालमियाँनी कारभार हातात घेतला. दुपारभर खाटेवर बसून ताडोबाकडच्या हॉटेलांना फोन लावले. आवाज असा, की जणू चालत्या ट्रकमधून बोलताहेत.

"वाघ बराबर दिसतो ना?"

"काका, जंगल आहे. सांगता येत नाही."

"मंग काय सांगता येतं?"

"आमच्याकडे स्विमिंग पूल आहे."

"पूल कोनासाठी? वाघासाठी का आमच्यासाठी?"

तिकडून फोन बंद. अशी बरीच हॉटेलं त्यांनी बाद केली. काहींनी त्यांनाच बाद केलं असावं, पण त्याची वाच्यता घरात झाली नाही. शेवटी जंगलाच्या गेटाजवळच्या गावातलं एक साधं घर ठरलं. तिथला मालक म्हणाला होता, "वाघाचं वाघाला माहीत, जेवण गरम देऊ." लालमियाँ म्हणाले, "सच्चा मानूस हाय."

सगळे दिवस त्यांनी जंगलातच घातले होते. समुद्राचं नाव नाही.

रविवारी कशफ आली. सरदारबी मेथी निवडत होती. कशफ तिच्यासमोर बसली. "अम्मी, तुला कुठं जायचंय?"

"मला काय कळतं? अब्बाला विचार."

"अब्बाला न्हाई विचारत. तुला विचारून राह्यले."

सरदारबीनं मेथीची जुडी संपवली. दुसरी घेतली. कशफ उठली नाही. मी खोक्यातून बघत होतो. बुटाला घाई करता येत नाही, पण त्या दिवशी करावीशी वाटली. दुसरी जुडी संपत आल्यावर सरदारबी खाली बघतच म्हणाली, "समुद्र."

खाटेवरून लालमियाँ हसले. "समुद्र काय पाहायचा? खारं पानी, दुसरं काय? मुंबईच्या बंदरावर माझी जिंदगी गेली. बिलकुल बेकार."

या घरात एवढं बोलणं झालं की विषय संपतो, असा रिवाज होता. सरदारबीनं देठं गोळा केली, हात झटकले आणि शांतपणे म्हणाली, "मंग तुम्ही जंगलात जा. मी समुद्रावर जाते."

"कोनासोबत?"

तिनं इकडंतिकडं पाहिलं. मुलीकडं पाहिलं नाही, मुलाचं नाव घेतलं नाही. "बूट हाय," म्हणाली.

बुटाला छाती नसते. नाहीतर फुगली असती.

त्या संध्याकाळी तिनं मला पहिल्यांदा घातलं आणि अंगणात चकरा मारता मारता फोन हातात घेतला. कशफ नंबर लावून देई, बोलायची सरदारबी स्वतः. कोकणातली जेवढी हॉटेलं फोनवर आली, तेवढ्या सगळ्यांनी खिडकीतून समुद्र कसा दिसतो ते सांगितलं. सरदारबी ते सगळं ऐकून घेई आणि विचारी, "पायऱ्या चढाव्या लागतात का? कमोड हाय का? कमोडजवळ धरायला काही हाय का?"

एक म्हणाला मॅनेजरला विचारतो. दुसरा म्हणाला, मॅडम, आमच्याकडे मसाज आहे. मग एका लहानशा गावातल्या भावनाताईंना फोन लागला. त्या आपल्याच घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतात.

"थांबा हं, बघून येते," त्या म्हणाल्या. फोन हातातच असावा, कारण चपलांचा आवाज आला, कडी वाजली. "नाही हो, धरायला काही नाही. पण तुम्ही येईपर्यंत भिंतीला एक पाइप ठोकून घेते. आणि खोली खालीच आहे."

"तिथंच जायचं," सरदारबीनं फोन ठेवला.

"अम्मी, फोटो तरी बघ."

"ती उठून पाहून आली. फोटो काय करायचा?"

लालमियाँ दोन दिवस बोलले नाहीत. भाकरी खाल्ली, चहा प्याला, हॉर्न ऐकून बाहेर जाऊन आले. तिसऱ्या दिवशी जेवताना ताटाकडं बघत म्हणाले, "तिथं गाडी लावायला जागा हाय का?"

"हाय," सरदारबी म्हणाली आणि त्यांना कालवण वाढलं.

ठरलं. आधी जंगल, मग समुद्र.

कशफला शाळेतून सुटी मिळाली नाही. मुजाहिद गाडी चालवत होता. लालमियाँ त्याच्या शेजारी बसून तीच गाडी चालवत होते. मागे सरदारबी आणि खाली आम्ही दोघं.

जंगलात पहाटे उघड्या जिप्सीत बसलो. लालमियाँनी सफारी सूट घातला होता. वरची बटणं लागत नव्हती, खालची लावायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. भुजंग नावाचा गाइड होता. बराच वेळ हरणं, माकडं आणि एक मोर एवढंच दिसलं. मग एका वळणावर भुजंगनं हात वर केला. बांबूच्या सावलीत वाघ होता. झोपलेला. आमच्याकडं पाठ. ना डरकाळी, ना काही. शेपटी एकदा हलली, तीसुद्धा माशीसाठी.

मागच्या गाडीतली माणसं कुजबुजायला लागली, उठव ना, उठव ना. कुणीतरी टाळी वाजवली.

लालमियाँ वळून हळू आवाजात म्हणाले, "ओ भाऊ, झोपू द्या त्याला. रातभर चाललाय तो."

टाळी थांबली. सरदारबीनं वाघाकडं पाहिलं आणि मग बराच वेळ नवऱ्याकडं. ट्रकवरून घरी आल्यावर हा माणूस असाच पाठ करून झोपायचा. झोपमोड नको म्हणून लेकरांना ती तेव्हा ओट्यावर नेऊन बसवायची.

तिथून समुद्र फार लांब. वाटेत एक मुक्काम झाला. भावनाताईंच्या घरी पोचल्यावर सरदारबी आधी संडासात जाऊन आली. भिंतीला पाइप होता, हिरवा रंगही दिला होता. रंग थोडा ओला होता. तळहात हिरवा करून ती बाहेर आली आणि भावनाताईंना म्हणाली, "बिलकुल बराबर."

संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर गेलो. सरदारबी वाळूत बसली, माझा पट्टा स्वतः उघडला आणि आम्हाला शेजारी शेजारी ठेवून मुजाहिदच्या आधारानं उठली. पुढचं मी लांबून पाहिलं. पाणी पायाला लागलं तशी ती दचकली, हसली. तिचं हसणं इतकं मोठं असेल असं मला वाटलं नव्हतं.

लालमियाँ माझ्याजवळ कोरड्या वाळूत उभे होते. हात मागे बांधलेले.

"या ना!" ती ओरडली. "तुम्ही तर लई बार पाह्यला!"

ते पुढं गेले नाहीत. ती परत आली, तेव्हा म्हणाले, "बंदरावरून दिसत न्हाई. भिंत असते. कंटेनर असतात. माल उतरला की गाडी पलटवायची आन निघायचं."

"कधीच न्हाई पाह्यला?"

"वास यायचा."

मला वाटलं, आता ही बोलणार. इतकी वर्षं ऐकवलेल्या बाता होत्या, त्या मेथीच्या दिवसाचा हिशेब होता. सरदारबीनं हात पुढं केला. "मुजाहिद दमला. मला धरायला कोनी पाहिजे."

लालमियाँनी आपले बूट काढले, माझ्या शेजारी ठेवले आणि पँट वर दुमडली. लाट आली तेव्हा दोघांपैकी जास्त घट्ट कुणी धरलं होतं, ते मी सांगणार नाही. माझी मालकीण ती आहे, पण ते बूटही आता माझे शेजारी आहेत.

आता मी खाटेखाली असतो. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. माझा सोल एका बाजूनं झिजलाय, जांभळा रंग विटलाय. तिनं नवे बूट घेतले तरी माझी तक्रार नाही. विनंती एकच. तुमच्या घरात असं एखादं माणूस असेल, ज्याला कुणी कधी विचारलंच नाही की तुला कुठं जायचंय, तर विचारा. आधी ते म्हणेल, मला काय कळतं. ते उत्तर नव्हे. तिथंच बसून राहा.

आता मला निघायला हवं. सरदारबी वॉकर धरून उभी राहिलीय, पट्टा लागलाय. अंगणात तिच्यासमोर लालमियाँ उलटे चालताहेत, मागे येणाऱ्या ट्रकला जागा दाखवावी तसे दोन्ही हात हलवत.

"येऊ द्या... येऊ द्या... जल्दी न्हाई... बराबर... येऊ द्या..."