न दिलेली शिवी

“वारं प्यालंय गं पोरगं, वारं!”

मैदानाच्या कडेला बोरं विकणारी गंगूबाई असं ओरडायची. गंगूबाई जाऊन कैक वर्षं लोटली, पण हातात हॉकीची काठी आली की रघुवीरच्या कानात तो आवाज अजून घुमायचा आणि पाय आपसूक सुटायचे. आज आवाज घुमला. पाय मात्र जागचे हलले नाहीत.

उन्हाळा लागला की मध्यभारताची राजधानी ग्वाल्हेरहून इंदूरला यायची. फायलींच्या पेट्यांमागोमाग तिकडचे कारकूनही यायचे आणि मग दोन्हीकडच्या कारकुनांचा हॉकीचा सामना रंगायचा. सामना नावाला मैत्रीचा. होळकर आणि शिंद्यांची जुनी खुन्नस चुन्याच्या चार रेघांत कुठली मावायला!

ग्वाल्हेरचा मालोजी जेमतेम विशीतला. वारं प्यायची पाळी आता त्याची होती. तो चेंडू घेऊन आला, चाळिशी ओलांडलेला इंदूरचा रघुवीर आडवा गेला, चुकला आणि गुडघ्यांवर आपटला. समोर गोल उघडा होता. तरी पोरगा थांबला. चेंडू सोडून त्यानं हात पुढे केला.

“लागलं का हो, काका?”

एवढंच. रघुवीरनं तो हात धरला नाही. त्याची काठी फिरली ती थेट पोराच्या नडगीवर. पोरगाही तापट, त्यानं गळपट्टी धरली आणि दोघं झुंजीतल्या रेड्यांसारखे धुळीत लोळले. पंचाची शिट्टी वाजून वाजून दमली. सोडवलं तेव्हा रघुवीरचा सदरा फाटला होता आणि मालोजीचा ओठ.

“काय बोलला वो, भिया?” गोलकीपर बंडू धावत आला. कचेरीत तो रघुवीरच्या शेजारच्या टेबलावर बसे. “आई-बहिणीवरून बोलला ना? मालूमच होतं मला. साले ग्वालेरवाले!”

रघुवीर खाली मान घालून धुळीकडे बघत राहिला, आणि त्याच्या गप्प राहण्याचीच शिवी झाली. दिवेलागणीपर्यंत ती स्नेहलतागंजात, त्याच्या गल्लीत पोचली. वाटेत तिला होळकरांच्या सात पिढ्याही चिकटल्या. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं कौतुकानं दोन विडे बळेच हातात कोंबले. ते त्याला खाववेनात की टाकवेनात.

घरी बायकोनं, भानुमतीनं गुडघ्यांना हळद लावली.

“असं काय बोललं हो ते पोर?”

“जाऊ दे ना.”

“शेजारच्या शशिकलाबाई म्हणत होत्या, तुमच्या ह्यांनी इंदूरची इज्जत राखली. मला तर हसूच आलं. तुमच्या हातून कधी मुंगी मरत नाही.”

रघुवीरनं भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुकोगंजात अप्पासाहेबांच्या व्हरांड्यात सगळे जमले. अप्पासाहेब होळकरी फौजेतले जुने कप्तान, सामन्याचा शेवटचा शब्द त्यांचा. मालोजी पायरीशी उभा होता. ओठ सुजून जांभळा झाला होता.

“घाणेरड्या तोंडाला मैदान नाही,” अप्पासाहेब म्हणाले. “ह्याला पुन्हा संघात घेऊ नका.”

ग्वाल्हेरच्या संघाचे शंकरराव हात जोडून उठले. “साहेब, पोरगा हॉकीवरच लागलाय कचेरीत. टेंपररी आहे. संघातून गेला की नोकरीही गेली.”

“मग जीभ सांभाळायची होती. काय रे, काय बोललास तू?”

“वाईट काही बोललो नाही, साहेब.”

“मग ह्यांनी उगाच काठी उगारली?”

पोरानं रघुवीरकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

“हे वडीलधारे आहेत,” तो हळूच म्हणाला. “माझंच काही चुकलं असेल. काय चुकलं, ते तेवढं कळलं असतं तर…”

रघुवीरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. उद्या कृष्णपुऱ्याच्या पुलावर पोरं मागून ‘काका, काका’ अशा हाका मारतील, हे त्याला आत्ताच ऐकू येत होतं. बंडूनं कोपरानं ढोसलं. “बोल ना भिया, डरतो काय!”

तो खांबाला धरून उठला.

“साहेब, शिवी नव्हती.”

“मग?”

“मी पडलो होतो. ह्यानं हात दिला मला.” त्यानं खांबावरचा हात काढला. “काका म्हणाला.”

बंडूला हसू फुटलं. दुसरं कुणीच हसलं नाही, तेव्हा तोही ओशाळून गप्प झाला.

“एवढ्यावरून?”

“हो, एवढ्यावरून.” रघुवीर अप्पासाहेबांकडे नाही, पोराकडे बघत होता. “ते खोटं असतं तर लागलं नसतं, साहेब.”