कोठीत दडवलेली लेक

हळू बोलतो हं, पोलीस चौकीतल्या बाकावर आहे मी. मी एक फोटो, लग्नाचा. खोडदच्या सोपानभाऊंनी मला काखेत असं आवळून धरलंय की काच आत्ता तडकेल! पण काचेचं सोडा, माझी भीती वेगळीच आहे.

माझा जन्म आठ वर्षांपूर्वीचा. सोपानभाऊंची थोरली लेक उज्ज्वला आणि हॉलंडहून गावाजवळच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या कामाला आलेला पीटर, यांचं लग्न मेंढ्यांच्या वाड्यासमोर मांडव घालून लागलं. जावयाच्या डोक्याला फेटा, खांद्यावर सासऱ्यानं दिलेलं काळं घोंगडं. मे महिना! बिचारा घामानं निथळतोय, तरी हसतोय. नारायणगावात मला सोनेरी चौकट बसली आणि मी दारासमोरच्या भिंतीवर चढलो. आल्यागेल्याला उज्ज्वलाची आई झुंबरबाई सांगायच्या, "हे आमचं पीटरराव. पिठलं लई आवडतं त्यांना." मी फुगून जायचो, खोटं कशाला बोलू!

लग्नानंतर हॉलंडला गेलेल्या उज्ज्वलानं गेल्या वर्षी तिकडचं नागरिकत्व घेतलं. यंदा धाकट्या दिशाची पुण्यात संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेत निवड झाली. पेढे वाटताहेत तोवर शेजारचे दादाभाऊ आले. मला बघून त्यांचे डोळेच विस्फारले.

"आरं सोपान, चौकशीला पोलीस येत्यात! परदेशातलं नातं दिसलं की पोरीची नोकरी गेली म्हणून समज."

झुंबरबाईंनी मला पदरानं पुसलं आणि बाजरीच्या कोठीत खुपसलं. वर बाजरी, खाली बाजरी. मेलो की काय असं वाटलं मला. अहो, अख्खं गाव ज्या लग्नात जेवलं, ते लग्न कोठीत मावतं होय? पण घाबरलेल्या माणसांना कोण सांगणार!

काल सकाळी हवालदार आले.

"मुलं किती?"

सोपानभाऊ म्हणाले, "येकच. दिशा."

"परदेशात कोण?"

"कोन न्हाई, साहेब."

त्या जबाबाखाली त्यांनी सही केली. झुंबरबाई कोठीला टेकून बसल्या होत्या. त्या रडत होत्या, आणि पत्र्याची थरथर मला आत कळत होती.

दुपारी दिशाचा फोन आला. सगळं ऐकून ती ओरडलीच, "आबा, हे काय केलंत! मी फॉर्मात ताईचं नाव, दाजींचं नाव, नागरिकत्व, सगळं खरं लिहिलंय. नात्यानं नोकरी जातेच असं नाही. लपवलं तर जाते!"

आज उजाडताच झुंबरबाईंनी मला बाहेर काढलं आणि सोपानभाऊंनी जीप पकडली.

आत बोलावलं बघा! सोपानभाऊ मला फौजदारसाहेबांच्या टेबलावर ठेवताहेत. चौकटीत अडकलेले बाजरीचे चार दाणे साहेबांच्या कागदांवर सांडले.

"साहेब, काल मी खोटं बोललो. ही बी माझीच लेक हाय. थोरली."

साहेबांनी एक दाणा उचलून पाहिला. "काल कुठं होता हा फोटो?"

"बाजरीत, साहेब."

साहेब हसले नाहीत. रागावलेही नाहीत. दिशाचा फॉर्म काढून शेजारी कालचा जबाब ठेवलाय, आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघताहेत. देवा, आमच्या भित्रेपणाची शिक्षा त्या पोरीला नको रे!

तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर राहू द्या त्याला भिंतीवर. साहेबांनी पेन उचललंय. काय लिहिताहेत ते मला उलटं दिसतंय, वाचता येत नाही.